१११ पराभवांचा हिशोब

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया आणि राजे आठवतात. आज आम्ही मात्र एका खेळाच्या संघाचा इतिहास सांगणार आहोत, आणि तोही पार अमेरिकेतला. बायकांच्या कार्यक्रमात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण बघा, एखादा गट मोडकळीला आला की तो नव्याने उभा कसा करायचा, जुन्यांचं काय करायचं, नव्यांवर किती भरवसा ठेवायचा, आणि चांगले दिवस येईपर्यंत कळ कुणी सोसायची, हे प्रश्न आपल्या प्रत्येक ग्रामसंघात निघतात. हेच प्रश्न टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात एका बेसबॉल संघापुढे उभे राहिले होते. त्यांनी काय केलं, त्याचं काय झालं, हे सगळं नोंदलेलं आहे. म्हणून ही गोष्ट निवडली.

आधी खेळाबद्दल थोडं. बेसबॉल हा क्रिकेटचा लांबचा भाऊबंद समजा. एक चेंडू फेकतो, दुसरा दांडक्याने मारतो आणि धावतो. तिथे वरच्या पातळीवर ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. सहा महिने जवळजवळ रोज सामना असतो. शेवटी जो संघ उरतो तो 'वर्ल्ड सिरीज' जिंकला असं म्हणतात.

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा नियम सांगतो. दरवर्षी शाळा-कॉलेजातून चांगली खेळणारी पोरं निघतात. ती कुठल्या संघाला मिळायची? १९६५ च्या आधी ज्याच्या खिशात पैसा तो संघ चांगली पोरं उचलून न्यायचा. श्रीमंत संघ जिंकत राहायचे आणि गरीब संघ मागेच राहायचे. म्हणून १९६५ साली 'ड्राफ्ट' सुरू झाला. संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात, आणि मागच्या वर्षी जो संघ सगळ्यात जास्त हरायचा त्याची पाळी पहिली असायची. ज्याच्या ताटात कमी, त्याला आधी वाढायचं, असा हा न्याय. नियम चांगल्या हेतूने केला होता. पण प्रत्येक नियमाला एक मागचं दार असतं. हरल्याने पहिली पाळी मिळते म्हटल्यावर कुणाच्या तरी मनात येणारच, की मग थोडं जास्तच हरलं तर?

ह्यूस्टनचा हा संघ १९६२ पासून खेळतोय. १९६५ पासून त्याचं नाव ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज. २००५ साली तो वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला, पण चारही सामने हरून परत आला. त्यानंतर उतरती कळा लागली. मोठ्या पगाराचे खेळाडू वयाने वाढले, खालून नवी फळी तयार झाली नव्हती. आपल्याकडे गोठ्यात जनावरं दिसतात भरपूर, पण निम्मी भाकड असतात आणि कालवड एकही नसते, तशी गत. २०११ साली संघ १६२ पैकी १०६ सामने हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिम क्रेन या उद्योगपतीने संघ विकत घेतला आणि डिसेंबरमध्ये जेफ लुनाऊ यांना कारभारी नेमलं. लुनाऊ आधी कंपन्यांना व्यवस्थापनाचा सल्ला देण्याचं काम करत, नंतर सेंट लुईस कार्डिनल्स या संघात खेळाडू निवडण्याचं काम त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा भर आकडेमोडीवर. त्यांनी सोबत आणलेल्या माणसांत पूर्वी 'नासा' या अंतराळ संस्थेसाठी काम केलेला एक जाणकारही होता.

नव्या कारभाऱ्यांनी ठरवलं की डागडुजी करायची नाही, पायापासून बांधायचं. जे अनुभवी खेळाडू उरले होते ते एकेक करून दुसऱ्या संघांना दिले आणि बदल्यात त्यांची शिकाऊ पोरं घेतली. याची सुरुवात आधीच्या कारभाऱ्यांनीच केली होती. हंटर पेन्स हा प्रेक्षकांचा लाडका खेळाडू तेव्हाच फिलाडेल्फियाला गेला. लुनाऊंनी तेच काम नेटाने पुढे नेलं. २०१३ च्या हंगामाला संघ उतरला तेव्हा त्याच्या सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार न्यूयॉर्क यांकीज संघातल्या एकट्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेजच्या पगारापेक्षा कमी होता.

परिणाम व्हायचा तोच झाला. २०१२ मध्ये १०७ पराभव, २०१३ मध्ये १११. संघाच्या इतिहासात इतकं वाईट वर्ष नव्हतं. २०१३ चे शेवटचे १५ सामने सलग हरले. तीन वर्षांची बेरीज करा. ४८६ सामन्यांपैकी ३२४ हरले. २००७ साली वर्षभरात ३० लाखांवर लोक मैदानात आले होते, २०१२ मध्ये ते १६ लाखांवर आले. २०१३ च्या सप्टेंबरात एका सामन्याच्या वेळी टीव्ही पाहणाऱ्यांची मोजणी झाली तर आकडा निघाला शून्य. मोजणीच्या नमुन्यातल्या एकाही घरात तो सामना लावलेला नव्हता. त्या दिवशी शहराच्या फुटबॉल संघाचाही सामना होता आणि बेसबॉलची वाहिनी सगळ्या घरांत दिसत नव्हती, हे खरं. तरी शून्य तो शून्यच.

इथे थांबून एक गोष्ट बघू या. हरण्याची किंमत कुणी दिली? मालकाचा खर्च तर उलट कमी झाला होता. किंमत दिली ती तिकीट काढून येणाऱ्या लोकांनी, आणि रोज मैदानात उतरून हरणाऱ्या त्या पोरांनी, ज्यांना माहीत होतं की संघ जिंकायला लागेल तेव्हा आपण इथे नसू. आपल्याकडेही मोठी योजना आखणारा एक असतो आणि उन्हात उभा राहणारा दुसरा. योजना चांगली की वाईट हे ठरवताना हा हिशोब धरलाच पाहिजे.

आता निवडीकडे वळू. सलग तीन वर्षं सगळ्यात खाली राहिल्यामुळे २०१२, २०१३ आणि २०१४ या तिन्ही वर्षी अ‍ॅस्ट्रोजला पहिली निवड मिळाली. या तीन निवडींची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

२०१२ ला त्यांनी घेतला कार्लोस कोरेआ. पोर्तो रिको बेटावरचा १७ वर्षांचा मुलगा, बाप बांधकामावर राबणारा. पहिल्या क्रमांकासाठी ७२ लाख डॉलर ठरलेले होते. कोरेआ ४८ लाखांवर तयार झाला. वाचलेले पैसे अ‍ॅस्ट्रोजने पुढच्या फेऱ्यांत वापरले आणि लान्स मॅकलर्स या चेंडूफेक्याला २५ लाख देऊन घेतलं. जास्त पैसे मागेल म्हणून बाकीच्या संघांनी त्याला सोडून दिलं होतं. एका निवडीच्या पैशात दोन चांगले खेळाडू. बाजारात दोन भाव बघून खरेदी करणाऱ्या बाईला ही गोष्ट लगेच कळेल. कोरेआ २०१५ मध्ये वरच्या संघात आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला.

२०१३ ला घेतला मार्क अपेल. नामांकित स्टॅनफर्ड विद्यापीठातला चेंडूफेक्या, जन्म ह्यूस्टनचाच. त्याला ६३ लाख ५० हजार डॉलर दिले. सगळ्यांना वाटलं हा तर हातचा. पण खालच्या पातळीवरच तो अडखळला. २०१५ च्या अखेरीस त्याला फिलाडेल्फियाला दिलं. २०१८ मध्ये त्याने खेळ सोडला, तीन वर्षांनी परत आला, आणि २०२२ च्या जूनमध्ये, वयाच्या ३० व्या वर्षी, तो पहिल्यांदा वरच्या पातळीवर खेळला. अ‍ॅस्ट्रोजच्या वरच्या संघाकडून तो एकही सामना खेळला नाही.

२०१४ ला निवडला ब्रेडी एकेन, शाळकरी पोरगा. ६५ लाख डॉलर ठरले. मग वैद्यकीय तपासणीत त्याच्या कोपराच्या शिरेत खोट दिसली असं संघाने म्हटलं आणि रक्कम खाली आणली. मुलाच्या बाजूने नकार आला. मुदत संपली, करार मोडला. शब्द फिरवला म्हणून संघावर खूप टीका झाली. पुढच्या वर्षी त्या मुलाच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो कधीच वरच्या पातळीवर पोहोचला नाही. संघाला मात्र नियमाप्रमाणे २०१५ मध्ये भरपाई म्हणून दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. त्यातून आला अ‍ॅलेक्स ब्रेगमन, जो पुढे संघाचा खांब झाला.

म्हणजे तीन पहिल्या निवडींपैकी एक फळाला आली, एक वाया गेली आणि एक हातातच आली नाही, पण तिच्या बदल्यात दुसरं रोप मिळालं. जगातली उत्तम आकडेमोड करणाऱ्यांची ही गत. पोरांची पारख हे बियाण्यासारखं आहे. पिशवीवर कितीही चांगलं लिहिलेलं असो, उगवण शेतातच कळते. त्या काळी दरवर्षी ४० फेऱ्यांत सुमारे १२०० पोरं निवडली जात. त्यातली फार थोडी वर पोहोचतात.

आणि ज्यांच्या जोरावर हा संघ पुढे जिंकला त्यात जुनी रोपंही होती. होसे अल्तुवे याचंच बघा. व्हेनेझुएला देशातला, उंची साडेपाच फूट. निवड चाचणीला गेला तेव्हा फार बुटका म्हणून उद्या येऊ नको असं त्याला सांगितलं. बापाच्या सांगण्यावरून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभा राहिला. २००७ साली अवघ्या १५ हजार डॉलरवर अ‍ॅस्ट्रोजने त्याला घेतलं. कोरेआच्या ४८ लाखांशी तुलना करा. हाच अल्तुवे २०१७ चा त्याच्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. डॅलस कायकल २००९ मध्ये सातव्या फेरीत घेतलेला, जॉर्ज स्प्रिंगर २०११ मध्ये अकराव्या क्रमांकावर. हे तिघेही लुनाऊ यायच्या आधीचे. नव्या कारभाऱ्याचं नाव झालं, पण पायातले काही दगड ज्यांनी बसवले त्यांना तोवर घरी पाठवलं होतं.

उलटही झालं. जे. डी. मार्टिनेझ नावाचा खेळाडू संघाकडे होता. हिवाळ्यात त्याने मेहनत करून फटका मारण्याची आपली पद्धत पार बदलली. २०१४ च्या सरावात त्याला फारशी संधी दिली नाही आणि मार्चमध्ये सोडून दिलं. डेट्रॉइटने त्याला घेतलं आणि त्याच वर्षी तो त्यांचा मोठा फलंदाज झाला. जुने आकडे संघाच्या वहीत होते. माणूस बदललाय हे वहीत चढायचं राहून गेलं होतं.

हळूहळू फळ दिसू लागलं. २०१४ च्या जूनमध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकाने मुखपृष्ठावर स्प्रिंगरचा फोटो छापून अ‍ॅस्ट्रोज २०१७ चे विजेते होतील असं भाकीत केलं. लोक हसले. त्या वर्षी संघ ९२ सामने हरला. पण २०१५ मध्ये ८६ जिंकला आणि बाद फेरीत पोहोचला. २०१७ मध्ये १०१ जिंकला.

नुसत्या तरुणांवर मात्र ते विसंबले नाहीत, हे लक्षात घ्या. त्या वर्षासाठी कार्लोस बेल्ट्रान आणि ब्रायन मॅकॅन हे मुरलेले खेळाडू आणले. ऑगस्टच्या शेवटी हार्वी चक्रीवादळाने ह्यूस्टन पाण्याखाली गेलं. संघाला काही 'घरचे' सामने फ्लोरिडात खेळावे लागले. त्याच आठवड्यात, ३१ ऑगस्टच्या रात्री, मुदत संपायला काही क्षण असताना तीन शिकाऊ पोरं देऊन त्यांनी डेट्रॉइटचा ३४ वर्षांचा चेंडूफेक्या जस्टिन व्हरलँडर आणला. इतकी वर्षं अनुभवी देऊन पोरं घेतली, आता पोरं देऊन अनुभवी घेतला. १ नोव्हेंबर २०१७ ला लॉस एंजेलिसमध्ये सातवा सामना ५-१ ने जिंकून अ‍ॅस्ट्रोजने वर्ल्ड सिरीज जिंकली. ५५ वर्षांत पहिल्यांदा. पुरातून सावरणाऱ्या त्या शहरात किती आनंद झाला असेल याची कल्पना करा.

इथे गोष्ट संपली असती तर किती गोड होती. पण इतिहास तिथे थांबला नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये माइक फायर्स या चेंडूफेक्याने, जो २०१७ मध्ये याच संघात होता, पत्रकारांना नाव देऊन सांगितलं की आम्ही फसवणूक केली होती. बेसबॉलमध्ये चेंडू कसा टाकायचा याची खूण तेव्हा बोटांनी केली जायची. अ‍ॅस्ट्रोजने मैदानातल्या कॅमेऱ्यातून समोरच्या संघाच्या त्या खुणा पाहिल्या, आणि आत ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यावर ठोके मारून आपल्या फलंदाजाला कळवलं की कसा चेंडू येतोय. चौकशी झाली. १३ जानेवारी २०२० ला निकाल आला. ५० लाख डॉलर दंड. लुनाऊ आणि प्रशिक्षक ए. जे. हिंच एका वर्षासाठी निलंबित, आणि मालकाने त्याच दिवशी दोघांना काढून टाकलं. मला याची माहिती नव्हती, असं लुनाऊ म्हणाले. खेळाडूंनी खरं सांगावं म्हणून त्यांना अभय दिलं होतं, त्यामुळे त्यांना शिक्षा झाली नाही. विजेतेपदही काढून घेतलं नाही.

पण शिक्षेत आणखी एक गोष्ट होती. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या निवडी जप्त झाल्या. ज्या निवडींसाठी तीन वर्षांत ३२४ पराभव सोसले, तशाच चार निवडी हातच्या गेल्या. गंमत म्हणजे २०१७ च्या जानेवारीत हाच संघ फिर्यादी होता. कार्डिनल्स संघाच्या एका अधिकाऱ्याने अ‍ॅस्ट्रोजच्या संगणकातली माहिती चोरली होती, त्याला तुरुंगवास झाला होता, आणि भरपाई म्हणून कार्डिनल्सच्या दोन निवडी आणि २० लाख डॉलर अ‍ॅस्ट्रोजला मिळाले होते. दुसऱ्याने चोरी केल्यावर काय होतं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्याच हंगामात डब्यावर ठोके पडत होते.

डबा वाजवला नसता तरी ते जिंकले असते का? संघ खरोखर चांगला होता. म्हणूनच वाईट वाटतं. आज अल्तुवेच्या मेहनतीचं कौतुक करतानाही माणूस क्षणभर थांबतो. आपल्या गटात सगळ्या बायकांनी आठवड्याला नेमाने बचत भरलेली असते, आणि एका खोट्या नोंदीमुळे बँकेचा सगळ्या वहीवरचाच विश्वास उडतो. खऱ्या नोंदींनाही मग साक्षीदार लागतो.

पुढे काय झालं तेही सांगतो. संघाने डस्टी बेकर या ७० वर्षांच्या, सगळ्यांच्या आदरातल्या प्रशिक्षकाला बोलावलं. २०२२ मध्ये अ‍ॅस्ट्रोज फिलाडेल्फियाला हरवून पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकले. त्या विजयात फ्रॅम्बर वाल्डेझ आणि क्रिस्तियान हाविएर हे दोन चेंडूफेके होते, डॉमिनिकन रिपब्लिकमधून प्रत्येकी १० हजार डॉलरवर घेतलेले. पहिली निवड नाही, लाखोंची रक्कम नाही, नीट पारख आणि शिकवण एवढंच.

अ‍ॅस्ट्रोजचं पाहून इतर संघही मुद्दाम खाली राहू लागले, तेव्हा नियम बदलावा लागला. २०२२ च्या करारानुसार पहिल्या सहा निवडी आता सोडतीने ठरतात. सगळ्यात खालच्या तीन संघांना पहिल्या निवडीची संधी सारखीच, शंभरात साडेसोळा. सगळ्यात जास्त हरून आता जास्तीचा फायदा नाही.

आणि त्या शिकाऊ पोरांचं काय? लाखो डॉलर मिळवणारी दोन-चार. बाकीची वर्षानुवर्षं खालच्या पातळीवर, बसने रात्र-रात्र प्रवास करत, हंगामापुरत्या तुटपुंज्या पगारावर खेळायची. सराव महिन्यांचा पगारच नसायचा. त्यांनी खटला भरला, आणि २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी ती संघटित झाली. २०२३ च्या पहिल्या करारात खालच्या 'ए' पातळीचा वार्षिक पगार ११ हजारांवरून २६ हजार २०० डॉलर झाला. एकेकटी होती तोवर त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. एकत्र बसली तेव्हा करार झाला. हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत या गोष्टीवर बोला. आपल्या गटात नवीन मुलींना कर्जाची वही, बँकेचं काम, बोलण्याची संधी कधी देतो? जुन्या बाईला बाजूला करताना तिने काय शिकवलं याची नोंद ठेवतो का? आणि मोठा निर्णय घेताना, मधल्या वर्षांची कळ कोण सोसणार हे तिला आधी विचारतो का? तुमची उत्तरं केंद्रावर कळवा. पुढच्या भागात ती वाचून दाखवू.